बंड्या कोपऱ्यातून हलतच नाही

या वेळी तीन प्रश्न घेतलेत, तिन्ही कुत्र्यांचेच. पहिला मोठाय म्हणून उत्तरही लांबलंय, बाकीच्या दोघांनी रागावू नका.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही मुलुंडला राहतो, मी, नवरा आणि सासूबाई. बारा दिवस झाले एक ग्रेहाउंड दत्तक घेतलाय, संस्थेवाले म्हणाले पंजाबकडे शर्यतीत पळवायचे त्याला, वय साधारण चार. नाव बंड्या ठेवलंय. पण तो हॉलच्या कोपऱ्यात नुसता उभा असतो, तासन्‌तास, बसतच नाही. किचनकडे यायचं तर टाइल्सवर पाय टाकत नाही, लिफ्टजवळ गेलं की चारी पाय रोवतो, जिना तर नाहीच नाही, मग नवरा उचलून खाली नेतो, ह्याचं वजन 31 किलो आणि नवऱ्याची कंबर आधीच गेलेली. रात्री कुईकुई करत राहतो. परवा झोपला होता म्हणून ह्यांनी मायेनं अंगावर चादर घातली तर एकदम गुरकावला, दात दाखवले. सासूबाई म्हणतात डोक्यानं अधू दिसतोय, देऊन टाका परत. आमचं काही चुकतंय का?
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर : अगं, एकच चुकतंय, तुम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसलाय. आणि मला खात्री आहे की तुम्ही तिघंच नाही, बारा दिवसांत अर्धी बिल्डिंग, नणंद, तिची मुलं, नवऱ्याच्या ऑफिसातले दोघं असे सगळे 'बघू बघू कसा दिसतो' करून गेले असणार. ते आधी बंद कर. महिनाभर पाहुणे नाहीत, फोटो नाहीत, सत्यनारायण असला तर तोही पुढे ढकल.

हा कुत्रा घाबरट नाही न् अधूही नाही, त्याने घर नावाची गोष्टच पाहिलेली नाही. शर्यतीच्या कुत्र्याचं आयुष्य म्हणजे खुंटी नाहीतर पिंजरा, मग मैदान, मग परत खुंटी. त्यात टाइल्स नाहीत, जिना नाही, आरसा नाही, टीव्ही नाही, मिक्सर नाही. आमच्याकडे आठ वर्षांपूर्वी अशीच एक आली होती, चिमी. पहिल्याच दिवशी मी वरणाचा कुकर लावला, तिसरी शिट्टी झाली आणि बाईसाहेब बाथरूममध्ये बादलीच्या मागे जाऊन उभ्या, ते संध्याकाळी पाचला बाहेर आल्या, तेही मी दारात बटाट्याची भाजी ठेवून बाजूला झाल्यावर. (भाजीत कांदा नव्हता, कुत्र्याला कांदा-लसूण चालत नाही, तशाच द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट, हे सासूबाईंनाही सांगून ठेव, नैवेद्याचा शिरा त्याच देणार.) मग मी काय केलं, कुकर लावायच्या आधी तिला आतल्या खोलीत न्यायचे, दार लोटून घ्यायचे, आणि दर शिट्टीला पनीरचा एवढुसा तुकडा. महिन्याभराने शिट्टी झाली की ही स्वतःहून ओट्याशी हजर.

आता बसण्याचं. ग्रेहाउंडच्या मांड्या इतक्या भरलेल्या असतात की दुसरी कुत्री बसतात तसं ढुंगण टेकून बसणं त्यातल्या बऱ्याच जणांना जमतच नाही किंवा अवघड जातं, ते एकतर उभे राहतात नाहीतर सरळ आडवे होतात. त्यामुळे 'सिट सिट' करत बिस्कीट नाचवू नका. तो उभा राहतो कारण आडवं व्हायला त्याला जागा पटलेली नाही. अंगावर चरबी जवळपास नाही, कातडी पातळ, केस तोकडे, म्हणजे उघड्या फरशीवर झोपणं म्हणजे हाडं टोचणार. चादरीची घडी टाकून भागायचं नाही. कापसाची जाड गादी घ्या, जुनी असली तरी चालेल, वर गोधडी, आणि ती येण्याजाण्याच्या वाटेत नको, पंख्याच्या थेट झोताखालीही नको. पहिले काही आठवडे ती तुमच्या बेडरूममध्येच टाका. तो आजवर एकटा झोपलेला नाही, आसपास दहा कुत्री असायची, आता अचानक हॉलमध्ये अंधारात एकटा, रडेल नाही तर काय. तुमच्या श्वासाचा आवाज आला तरी अर्धी रात्र शांत जाईल.

टाइल्सवर तो चालत नाही कारण नखं पकडत नाहीत, एकदा घसरला असेल तुमच्या पाठीमागे कधीतरी. नखं कापून घे आणि कोपऱ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून दारापर्यंत मॅट टाक, योगा मॅट, रबरी पायपुसणी, सतरंजी, जे असेल ते, फक्त सतरंजीखाली न सरकणारी जाळी हवी नाहीतर सतरंजीसकट सरकेल बिचारा. घर महिनाभर भंगारवाल्याच्या दुकानासारखं दिसेल, दिसू दे. आणि कपाटाला मोठा आरसा आहे का? असेल तर खालच्या भागाला वर्तमानपत्र चिकटव, कारण त्याला तिथे रोज एक अनोळखी कुत्रा टक लावून बघताना दिसत असेल.

लिफ्टसाठी दुपारी गर्दी नसताना जायचं. लिफ्ट थांबवून ठेवायची, आत जाऊन तू उभी राहा, त्याला खेचायचं नाही, नाक आत आलं तरी पनीर, आणि परत घरी. बटण दाबायचंच नाही पहिले दोन-तीन दिवस. (सोसायटीतले ओरडतील लिफ्ट अडवली म्हणून, त्यांनाही एक हसून दाखव.) जिना चढताना एकाने पुढे राहायचं आणि एकाने मागे, मागच्याने एकेक पाऊल हाताने उचलून पुढच्या पायरीवर ठेवायचं, अगदी बाळाला शिकवतात तसं. उतरायला मात्र शेवटच्या दोन पायऱ्यांपासून सुरुवात, वरून नाही, नाहीतर तो सगळा जिना एका उडीत पार करायला बघतो आणि पाय मोडून घेतो.

आता गुरकावलं त्याचं, कारण परत द्यायचा विचार तिथूनच आलाय. ग्रेहाउंड बऱ्याचदा डोळे उघडे ठेवून झोपतात. तुमच्या ह्यांना वाटलं असेल जागाच आहे, तो होता गाढ झोपेत, अंगावर काहीतरी पडलं, तो दचकला आणि तोंडातून आवाज निघाला. शुद्धीवर आल्यावर तोच ओशाळला असेल, आठवून बघ. त्याला ह्यावरून ओरडू नका, गुरगुरणं ही सूचना असते, ती दाबली की पुढच्या वेळी सूचना न देता चावतो. झोपलेल्याला हात लावायचा नाही, लांबून नावाने हाक मारायची, मान वर केली की मग काय ते चादरीचे लाड. आणि तुमच्याकडे लहान मुलं येत असतील तर गादीच्या आसपास त्यांना बंदी.

पट्ट्याकडेही बघ. ग्रेहाउंडची मान डोक्यापेक्षा रुंद असते, साधा कॉलर मागे सरकला की सुळकन निघतो. ओढला की आवळणारा, रुंद पट्टीचा मार्टिंगेल कॉलर मिळतो तो घे, पहिला महिना सोबत हार्नेसही (छातीभोवती बसणारा पट्टा) घाल, आणि बिल्ल्यावर मोबाइल नंबर. सेफ्टी डोअर लावल्याशिवाय आतलं दार उघडायचं नाही हा नियम घरात सगळ्यांना, कुरिअरवाला आला तरी.

एक गोष्ट मात्र ह्याच आठवड्यात कर, बाकी सगळं सावकाश. तो धडधाकट असतानाच त्याचं रक्त तपासून रिपोर्ट फाइलला लाव. कारण ग्रेहाउंडचं रक्तच वेगळं असतं, तांबड्या पेशींचं प्रमाण जास्त, 50 ते 65 टक्के, आणि प्लेटलेट इतर कुत्र्यांपेक्षा कमी, थायरॉइडचा आकडाही खाली, आणि हे सगळं त्यांच्यासाठी नॉर्मल. आता पावसाळा चालू आहे, मुंबईत गोचिडांचा सीझन, आणि गोचीड तापात पहिल्यांदा पडतात त्या प्लेटलेटच. म्हणजे उद्या बंड्याला ताप आला आणि प्लेटलेट एक-दीड लाख निघाल्या तर तो आजार की त्याची रोजची पातळी, हे ठरवायला जुना रिपोर्ट हाताशी लागतो. माझ्या चिमीला एकदा असंच उगाच औषधांचा कोर्स झाला, नंतर कळलं तिचा आकडा कायमच तेवढा. लेप्टोचं (उंदरांच्या मुताने खराब झालेल्या पाण्यातून होणारा आजार) इंजेक्शन दिलंय का तेही विचार, तुंबलेल्या पाण्यातून चालवायचं नाहीच. आणि कधी भूल द्यायची वेळ आली, दात साफ करायला का होईना, तर 'ग्रेहाउंड आहे' हे डॉक्टरांना आधी सांगायचं, थायोपेंटॉनसारखी भुलीची औषधं ह्यांच्या शरीरातून लवकर उतरत नाहीत.

गणपती तोंडावर आलेत. तुमच्या गल्लीत ढोल-ताशा असतोच, तेव्हा त्या दिवशी त्याला आधीच फिरवून आण, खिडक्या बंद, पंखा फुल, आणि घरातलं एक माणूस त्याच्याजवळ, मिरवणूक बघायला जायचं नाही. मला वाटतं सासूबाईंनाच बसव. पाय वर करून, उताणा, वेडावाकडा झोपलेला दिसला की समज घर त्याचं झालं. तीन महिने धरून चाल.

प्रश्न : मी दादरला राहतो, वय 71. मुलीने तिची ग्रेहाउंड माझ्याकडे ठेवलीय, फार गुणी आहे. पण सोसायटीने ठराव केला की कुत्रा लिफ्टमधून न्यायचा नाही. माझे गुडघे चार मजले चढण्यातले नाहीत. काय करावं?
(एक वाचक, दादर)

उत्तर : काका, असा ठराव टिकत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 साली परिपत्रक काढून स्पष्ट सांगितलंय की सोसायटीला, अगदी बहुमताने ठरवलं तरी, पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही मागता येत नाहीत. ते परिपत्रक प्रिंट काढून ठेवा, महापालिकेचं कुत्र्याचं लायसन्स आणि रेबीजच्या लसीचं कार्डही फाइलला. पण फाइल दाखवायच्या आधी सेक्रेटरींना एकदा चहाला बोलवा आणि ती समोर झोपलेली दिसू दे, माझा अनुभव असाय की निम्मे ठराव कुत्र्याला न बघता झालेले असतात. तुमच्या बाजूने पट्टा आखूड धरा, लिफ्टमध्ये कोणी घाबरणारं असलं तर पुढची लिफ्ट घ्या, आणि खिशात पिशवी ठेवा, घाण उचलली नाही तर मग मीही सोसायटीच्या बाजूने.

प्रश्न : आमचा ग्रेहाउंड दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडलेला असतो, फार वाईट वाटतं. पहाटे जुहूला वाळूवर मोकळा सोडला तर चालेल ना? गर्दी नसते.
(एक वाचक, अंधेरी)

उत्तर : नाही. अजिबात नाही. गर्दी नसेल, कावळे-कबुतरं असतातच, भटकी कुत्री असतात. हा डोळ्यांनी शिकार करणारा कुत्रा, काही हललं की तो ताशी 60-65 किलोमीटरने सुटतो आणि मग तुमची हाक त्याच्या कानात शिरतच नाही. तुम्ही अजून चप्पल काढताय तोवर तो जुहू तारा रोडवर.

आणि वाईट वाटून घेऊ नका, ही मंडळी दिवसातले सोळा-अठरा तास झोपतात, फ्लॅट त्यांना छान मानवतो. सकाळी सहाच्या आत आणि रात्री रस्ता गार झाल्यावर पट्ट्यावर अर्धा-अर्धा तास पुरे, हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघायची, आपल्याला सोसलं तर त्याला. पळवायचंच असेल तर जवळच्या बॉक्स क्रिकेटच्या टर्फवाल्याशी बोला, चारी बाजूंनी जाळी असते आणि पहाटे तासभर रिकामा असला तर काही जण देतात. आधी फाटकाची कडी स्वतः बघून घ्या. दोन-तीन चकरा मारेल आणि जीभ बाहेर काढून आडवा होईल. जेवण मात्र पळण्याच्या आधी द्यायचं नाही आणि पळून आल्यावरही तासभर थांबायचं, खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडतो आणि तेव्हा डॉक्टरकडे पोचायला वेळ फार थोडा असतो, त्यात आपलं एस. व्ही. रोडचं ट्रॅफिक.