वर्दळ लागणारे जेवण

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. कार्यालयातील दहा जणांना घेऊन एखाद्या शनिवारी रात्री बाहेर पडायचे आहे, जेवण मेक्सिकन असावे असे बहुमताने ठरले आहे, जागा गजबजलेली हवी ही सर्वांची अट आहे आणि ती शोधण्याचे काम मात्र तुझ्या एकट्याच्या गळ्यात पडले आहे, हे वाचून थोडे हसू आले. अशा कामात बेत जमला तर श्रेय सर्वांचे असते आणि फसला तर नाव एकाचेच निघते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सजावटीवरून निवड करू नकोस, हे आधीच सांगून टाकतो. रुंद काठाच्या टोप्या, रंगवलेल्या कवट्या, कागदी पताका आणि निऑनचा निवडुंग या वस्तू कोणालाही आठवडाभरात आणून लावता येतात. त्यांवरून मालकाची आवड कळते, स्वयंपाक कळत नाही. मोठा आवाज करणारे स्पीकरही तसेच. तुम्हांला गजबज हवी आहे हे चुकीचे नाही, उलट या जेवणाच्या बाबतीत ती मागणी फार रास्त आहे. पण ती गजबज कशातून निर्माण होते हे पाहिले पाहिजे. रात्रीचे मेक्सिकन खाणे बहुतांशी असे आहे की त्याला वर्दळ लागते. गिऱ्हाइकांची ये-जा थांबली की त्याची चव उतरते. सगळी निवड याच एका गोष्टीवर करावी असे माझे मत आहे.

मेक्सिकोत दिवसातले मुख्य जेवण दुपारी, साधारण दोन ते चारच्या दरम्यान होते. तासन्‌तास शिजणारे, निगुतीचे पदार्थ बहुधा त्या वेळचे: प्वेब्ला आणि ओआहाका या भागांतील मोले, म्हणजे वाळवलेल्या मिरच्या, तीळ, सुकामेवा, मसाले आणि काही प्रकारांत थोडे चॉकलेट घालून केलेला दाट रस्सा, किंवा युकातानमधील कोचिनीता पिबिल, ज्यात अचिओते (लाल रंग देणाऱ्या बियांचा मसाला) आणि आंबट संत्र्याच्या रसात मुरवलेले डुकराचे मांस केळीच्या पानात गुंडाळून मंद आचेवर शिजवतात. रात्री मात्र लोक हलके आणि झटपट खातात, टाकोच्या, म्हणजे लहान पोळीवर मांस किंवा भाजी घालून दुमडून खायच्या पदार्थाच्या, दुकानांत उभ्याउभ्या किंवा बाकांवर दाटीवाटीने बसून. त्यामुळे 'रात्री बाहेर' आणि 'गजबज' या तुझ्या दोन्ही अटी ज्या एका प्रकारात बसतात तो म्हणजे ताकेरिया, टाकोला वाहिलेले ठिकाण. टेबलांवर पांढऱ्या चादरी घातलेले आणि मोलेसाठी नावाजलेले उपाहारगृह उत्तम असू शकते, पण तेथे आई-वडिलांना घेऊन जा.

टाकोला वर्दळ का लागते ते सांगतो. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, साले चोळून धुऊन काढायची आणि मग ओले दळून लगदा करायचा, ही मेक्सिकोतील फार जुनी रीत आहे. चुन्यामुळे दाण्याची साल सुटते, पीठ एकमेकांना धरते, आणि मक्यात अडकून राहिलेले नायासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. (मका युरोपात गेला, रीत मात्र मागे राहिली; मग जेथे गरीब माणसे जवळपास मक्यावरच जगत होती तेथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला.) या लगद्याची टॉर्टिया, म्हणजे टाकोची पातळ पोळी, तव्यावर टाकली की दोन्ही बाजूंनी डाग पडतात, मध्यभागी क्षणभर फुगते आणि भाजलेल्या मक्याचा वास सुटतो. ती मऊ राहते काही मिनिटेच. गार झाली की चामड होते, दुमडताना मोडते. ज्या ठिकाणी टॉर्टिया सतत तव्यावर पडत असतात आणि तितक्याच वेगाने ताटल्यांत जात असतात तेथेच ती खाण्यात अर्थ आहे. म्हणून दूरध्वनी करशील तेव्हा पहिला प्रश्न हाच विचार की टॉर्टिया तुमच्याकडे भाजता की पाकिटातली गरम करता. जागेवर भाजणारे लोक उत्तर देताना खुलतात आणि न विचारलेलेही सांगतात. गव्हाची टॉर्टिया दिसली म्हणून लगेच नाक मुरडू नकोस, सोनोरासारख्या उत्तरेकडील प्रांतांत तीच परंपरा आहे.

दुसरी खूण ट्रोम्पोची, म्हणजे उभ्या सळईवर रचलेल्या मांसाच्या शंकूची. लेबनॉनहून आलेल्या स्थलांतरितांनी उभ्या सळईवर मांस भाजण्याची पद्धत मेक्सिकोत आणली. प्वेब्लात ते आधी पोळीसारख्या गव्हाच्या रोटीत खाल्ले जाई, पुढे डुकराचे मांस, लाल मिरच्या आणि अचिओते यांचे वाटण, आणि मक्याची टॉर्टिया असा बदल होत होत 'टाकोस आल पास्तोर' तयार झाले. चांगला ताकेरो, म्हणजे टाको करणारा, काम करताना पाहण्यासारखा असतो. लालभडक शंकू आचेसमोर फिरत असतो आणि त्याच्या डोक्यावर अननस खोचलेले असते. तो बाहेरचा, कडेने करपू लागलेला थर तेवढाच लांब सुरीने पातळ उतरवतो, तो थेट डाव्या हातातील तळहाताएवढ्या टॉर्टियावर झेलतो, मग सुरीच्या टोकाने अननसाची एक चकती वरून उडवतो आणि तीही त्याच टॉर्टियावर येऊन पडते. चिमूटभर चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, झाले. सगळे काही सेकंदांत. पण हा थर कुरकुरीत होताक्षणी कापला गेला पाहिजे. गिऱ्हाईक नसेल तर शंकू आचेसमोर सुकत राहतो, किंवा मांस आधीच कापून डब्यात भरून ठेवतात आणि मागणी आली की तव्यावर परततात. रिकाम्या ठिकाणी पास्तोर मागवण्यात अर्थ नाही, हे लक्षात ठेव.

तू तीन ठिकाणांची माहिती पाठवली आहेस, त्यावरून माझा कल सांगतो. पहिल्या ठिकाणाची पदार्थसूची आठ पानी असून त्यात पास्ता आणि बर्गरही आहेत. ते सोडून दे. दुसऱ्याच्या छायाचित्रांत सर्वत्र पेये आहेत, खाणे शोधावे लागते. तिसऱ्याची सूची एका पानाची आहे आणि स्वयंपाकघर उघडे आहे, तेथे आधी एकदा जाऊन ये. सूची लहान असणे हा दोष मानू नये. मेक्सिको सिटीतील एल कालिफा दे लेऑन या टाकोच्या चिंचोळ्या दुकानाला 2024 मध्ये मिशेलिन या उपाहारगृहांच्या मार्गदर्शिकेचा मानाचा तारा मिळाला तेव्हा तेथे मोजके चारच प्रकारचे टाको मिळत होते.

तुमच्यातले कोणीतरी 'हे खरे मेक्सिकन नाही' असे म्हणणारच, प्रत्येक गटात असा एक जण असतो. त्याच्याशी वाद घालू नकोस. पारंपरिक मेक्सिकन पाककलेला 2010 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले हे खरे आहे, पण नाचोस, म्हणजे टॉर्टियाच्या तळलेल्या तुकड्यांवर वितळवलेले चीज, हेसुद्धा मेक्सिकोतच, सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावी, 1940 च्या दशकात इग्नासिओ आनाया यांनी ऐनवेळी आलेल्या पाहुण्यांसाठी केले असे सांगतात. पिवळे चीज, जिऱ्याचा सढळ वापर आणि मोठ्या थाळ्या हा टेक्सासकडचा, टेक्स-मेक्स प्रकार आहे आणि तो मनापासून केला तर रंगतदार लागतो. आपण काय करतो आहोत हे त्या ठिकाणाला ठाऊक असले म्हणजे पुरे.

आता आवाजाबद्दल, कारण बहुतेक बेत येथे बिघडतात. दहा माणसे एकत्र येतात ती बोलण्यासाठी. साधे संभाषण सुमारे 60 डेसिबलचे असते. भोवताली आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो, हे फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवून दिले होते. प्रत्येक टेबल दुसऱ्यावर मात करू लागते, मग व्यवस्थापक संगीत वाढवतो, आणि तासाभरात सगळे एकमेकांच्या कानात ओरडू लागतात. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या निकषानुसार 85 डेसिबल आवाजात आठ तासांपेक्षा अधिक राहू नये, आणि पुढे दर 3 डेसिबलला ही मर्यादा निम्मी होत जाते, म्हणजे 94 डेसिबलला तासावर येते. आवाज मोजणारे ॲप भ्रमणध्वनीवर मिळते, ते अंदाजापुरते ठीक आहे. पाहणीला जाशील ते मात्र शनिवारीच आणि ज्या वेळी जेवायला जाणार त्याच वेळी जा. मंगळवारी संध्याकाळी सहाला गेलास तर जागा शांत आणि सेवा तत्पर दिसेल, त्याचा काही उपयोग नाही. उघडे सिमेंट, काच आणि फरशी एवढेच असेल तर आवाज आदळत राहतो. छताला लाकूड, बाकांना गाद्या, भिंतींवर कापड असेल तर तीच गर्दी सुसह्य होते.

संगीत प्रत्यक्ष वाजणार असेल तर ते किती वाजता सुरू होते आणि मंडळी कोठे उभी राहतात हे विचारून घे. मारियाची ऐकायला मजा येते, व्हायोलिन आणि गिटारॉन या खर्जाच्या मोठ्या गिटारसह सगळे सूर भरून येतात, पण दोन ट्रम्पेट पाठीमागून तीन फुटांवर वाजू लागले की हातातला टाको पडतो. संगीत साडेनऊला असेल तर टेबल साडेसातचे घे. आधी पोटभर बोलणे आणि खाणे होते, नंतर कोणी कोणाचे ऐकले नाही तरी बिघडत नाही. टेबलाबाबतही आग्रह धर. दहा जणांचे एकच लांब टेबल छायाचित्रात छान दिसते, पण दोन टोकांच्या माणसांची रात्रभर गाठ पडत नाही. शेजारशेजारची पाचांची दोन टेबले माग, माणसे उठून जागा बदलतात आणि तेच हवे असते. स्वयंपाकघर दिसेल असे बस, त्याच्या दाराच्या वाटेत मात्र नको.

पेयांबद्दल थोडेच. मार्गारिता म्हणजे टकीला, संत्र्याच्या स्वादाचे लिक्युअर आणि लिंबाचा रस. रस ताजा पिळलेला आहे की तयार बाटलीतला, यावर ती ठरते. बारमागे लिंबांचा ढीग आणि पिळणारा माणूस दिसला की निश्चिंत हो. टकीला अगावे या काटेरी वनस्पतीपासून करतात; तिच्या बाटलीवर '100 टक्के अगावे' असे लिहिलेले नसेल तर तिच्यातील साखर किमान 51 टक्के अगावेची आणि उरलेली दुसऱ्या कशाची असू शकते. मेस्काल, म्हणजे अगावेचीच दुसरी दारू, मागवलीत तर एका घोटात संपवू नका, धुराचा वास हळूहळू उलगडतो. न पिणाऱ्यांकडे तेथे कसे पाहतात याला मी फार महत्त्व देतो. लाल अंबाडीच्या बोंडांचे जमैका, तांदूळ आणि दालचिनीचे ओर्चाता, चिंचेचे सरबत, ही पेये तेथे रोज करत असतील तर न पिणारा कोपऱ्यात शीतपेयाची बाटली घेऊन बसत नाही.

तुझ्या गटात शाकाहारी दोघे आहेत, त्यांच्यासाठी प्रश्न नेमका विचारावा लागेल. 'शाकाहारी काही आहे का?' याला होकारच मिळतो. त्याऐवजी बीन्स कशात परतता, भात कशात शिजवता, गव्हाच्या टॉर्टियात काय घालता, असे विचार. कारण डुकराची चरबी आणि कोंबडीचे पाणी या स्वयंपाकात न दिसता असतात. चांगल्या ठिकाणी भाजून सोललेल्या पोब्लानो मिरचीच्या सायीतल्या पट्ट्या, निवडुंगाची कोवळी पाने, भोपळ्याच्या फुलांचा केसादिया (सारण भरून दुमडलेली टॉर्टिया) किंवा मशरूमचे टाको मिळतात आणि ते तडजोडीचे खाणे मुळीच नाही. साल्सा, म्हणजे चटण्या, टेबलावर वेगवेगळ्या वाट्यांत येतात, त्यामुळे तिखटाचे ज्याचे त्याला ठरवता येते. फक्त केशरी रंगाची वाटी आली तर ती हाबानेरो या जहाल तिखट मिरचीची आहे का हे विचारल्यावाचून कोणाला चमचाभर घेऊ देऊ नकोस.

मागवताना एकदम सगळे मागवू नका. प्रत्येकी दोन टाको, ते संपले की पुन्हा दोन, असे चालू द्या. गरम टॉर्टियासाठी दुसरा मार्ग नाही, आणि दहा माणसांच्या टेबलावर सारखे काहीतरी येत राहिले की गप्पांनाही खंड पडत नाही. बिल कसे वाटायचे आणि घरी कोण कोणाबरोबर जाणार हे जाण्यापूर्वीच ठरवून टाक, रात्री अकरा वाजता त्यावर एकमत होत नसते.

तारखेचे एक राहिले. 5 मे आणि 15 सप्टेंबर या दोन तारखांच्या आसपासचा शनिवार घेणार असशील तर महिनाभर आधी टेबल राखून ठेव. 5 मे हा प्वेब्ला येथे 1862 मध्ये फ्रेंच सैन्यावर मिळवलेल्या विजयाचा दिवस, जो अमेरिकेत मेक्सिकोपेक्षा जास्त धडाक्यात साजरा होतो आणि जगभरच्या बारमालकांनी उचलून धरला आहे. त्या रात्री सूची कापलेली आणि स्वयंपाकघर दमलेले असते. 15 सप्टेंबरची रात्र स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येची असते आणि मेक्सिकन माणसे जेथे जेवायला येतात त्या ठिकाणी ती पाहण्यासारखी असते. तुमची तारीख अजून पक्की नसेल तर मी तीच सुचवीन. तिसऱ्या ठिकाणी दूरध्वनी करशील तेव्हा त्या रात्री काय करणार आहेत तेही विचारून घे आणि मला कळव.

कळावे,
तुझा हितचिंतक