आवाज हिंदकळतो, धपापतो की थरथरतो?

नाशिकच्या एका गिटारवादकाने विचारलेला प्रश्न असा. त्यांनी दोन ट्रेमोलो पेडलं (गिटारचा आवाज झुलवणारी, पायाने चालू-बंद करायची छोटी यंत्रं) शेजारी शेजारी ठेवून वाजवून पाहिली आणि दोन्हींच्या आवाजातला फरक मराठीत लिहायला घेतला. लिहिलं ते असं : ‘पहिल्याचं आंदोलन मऊ आहे, दुसऱ्याचं कंपन तुकड्यातुकड्यांचं आहे, आणि दोन्हींत आवाज जरा उतरतो.’ ख्याल शिकणाऱ्या त्यांच्या मैत्रिणीने ते वाचलं आणि तीन शब्दांवर बोट ठेवलं : आंदोलन, कंपन आणि उतरतो. मग बरोबर शब्द कोणते? ट्रेमोलोला मराठी शब्द आहे का? गिटारवरच्या त्या हलवायच्या दांडीलाही ट्रेमोलोच का म्हणतात? आणि जाता जाता, ट्रेमोलो ‘तो’ की ‘ते’?

सुरुवात ‘उतरतो’पासून करतो, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे आणि मैत्रिणीचं म्हणणं तिथे सर्वांत पक्कं आहे. संगीतात चढणं-उतरणं हे मराठीने स्वराच्या जागेसाठी राखून ठेवलेलं आहे. तार उतरली म्हणजे ढिली पडून तिचा स्वर खाली आला. सूर चढा लागला म्हणजे हवा होता त्याच्या वर लागला. त्यामुळे ‘आवाज उतरतो’ हे वाचल्यावर गाणाऱ्या माणसाला वाटणार, पेडल लावलं की गिटार बेसूर होते! ट्रेमोलो स्वराला हातही लावत नाही. षड्ज षड्जच राहतो. एकच स्वर वाजत असताना त्याचा आवाज सेकंदाला साधारण तीन ते दहा वेळा लहान-मोठा होत राहतो, एवढंच त्याचं काम. घरात आपण काय म्हणतो? ‘रेडिओचा आवाज मोठा कर’, ‘जरा लहान कर’. तोच शब्द इथे हवा.

आणि हा शब्द नुसता घरगुती नाही. गायन-वादनाच्या सुरुवातीच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाने नादाचे तीन गुण पाठ केलेले असतात : लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जाती. पहिला गुण आवाज किती मोठा ते सांगतो, दुसरा स्वर किती उंच ते, आणि तिसऱ्यावरून तोच स्वर सतारीचा की बासरीचा हे कानाला कळतं. परीक्षेपुरतं घोकून विसरलेलं हे त्रिकूट मला या प्रश्नाची किल्ली वाटतं. लहानमोठेपणा झुलला तर ट्रेमोलो. उच्चनीचता झुलली तर व्हायब्राटो. जाती झुलली तर काय, तेही पुढे येतंच आहे. तसाही आवाज गिटारवाल्यांनी काढलेला आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. लहानमोठेपणाऐवजी ‘तीव्रता’ लिहायचा मोह होतो, कारण शाळेच्या विज्ञानात ध्वनीची तीव्रता शिकवतात. पण संगीतातला तीव्र मध्यम हा मोठ्याने लावलेला मध्यम नसून शुद्धाच्या वर चढलेला मध्यम आहे. म्हणजे एकच शब्द विज्ञानात एका गुणाचा आणि संगीतात दुसऱ्याच गुणाचा. ट्रेमोलो आणि व्हायब्राटो वेगळे काढायला बसलेल्या माणसाने हा शब्द टाळलेला बरा.

आता दांडीचं. ट्रेमोलो हा इटालियन शब्द, मूळ लॅटिन, अर्थ थरथरणं. थरथर कशाची, हे त्या शब्दात कुठेच सांगितलेलं नाही, म्हणून तो आधीपासूनच दोन घरांत राहत आला. व्हायोलिनवाले आज ट्रेमोलो म्हणतात ते एकाच स्वरावर गज भराभर मागेपुढे करण्याला. पण लेओपोल्ट मोत्सार्ट यांनी १७५६ साली व्हायोलिनवादनावर लिहिलेल्या ग्रंथात ट्रेमोलो म्हणून जे शिकवलं आहे ते तारेवरचं बोट झुलवणं आहे, म्हणजे आजचा व्हायब्राटो. त्यामुळे सगळा दोष गिटार आणि अँप्लिफायर बनवणारे अमेरिकन उत्पादक लिओ फेंडर यांच्यावर टाकणं अन्यायाचं होईल. मात्र त्यांच्या कंपनीने गोंधळ पक्का केला, हे खरं. १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवरच्या दांडीच्या यंत्रणेला त्यांनी ‘सिंक्रोनाइज्ड ट्रेमोलो’ नाव दिलं. ती दांडी दाबली की तारा ढिल्या पडतात आणि स्वर उतरतो, म्हणजे काम व्हायब्राटोचं. उलट १९६३ पासूनच्या डीलक्स रिव्हर्ब, ट्विन रिव्हर्ब या अँप्लिफायरवर ‘व्हायब्राटो’ असं छापलेलं आहे आणि आत आहे शुद्ध ट्रेमोलो. नावं बरोबर उलटी! त्याच काळात दुसरे गिटार बनवणारे पॉल बिग्सबी आपल्या दांडीला ‘ट्रू व्हायब्राटो’ म्हणत होते आणि ते बरोबर होते, पण लोकांच्या तोंडी फेंडरचा शब्द बसला. व्हायब्राफोन या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याचंही असंच. त्याच्या नळ्यांवर मोटरने फिरणाऱ्या चकत्या मुख्यतः आवाज लहान-मोठा करतात, आणि नावात मात्र व्हायब्रा.

ही उलटापालट इंग्रजीत आता रुजली आहे. आपण ती मराठीत जशीच्या तशी आणायची काही गरज नाही. ‘ट्रेमोलो आर्म’ला नुसतं ‘दांडी’ म्हणा. गिटारवाले तसंही म्हणतातच, आणि त्यात खोटं काही नाही.

‘आंदोलन’ या शब्दाबाबत मैत्रिणीचा आक्षेप पूर्ण मान्य. दरबारी रागाचा कोमल गंधार, भैरव रागाचे ऋषभ-धैवत आंदोलित असतात, तेव्हा स्वर आपल्या जागेच्या आसपास संथ झुलत असतो. तिथे झुलते ती उच्चनीचता. ‘कंपन’चंही तेच. जुना संगीतशास्त्रकार शार्ङ्गदेव याने गमकाची व्याख्याच ‘स्वरस्य कम्पो गमकः’ अशी केली आहे, म्हणजे ऐकणाऱ्याच्या चित्ताला सुखावणारा स्वराचा कंप. विज्ञानात तर प्रत्येक आवाज कंपनातूनच निघतो, तेव्हा ‘पेडलचं कंपन’ म्हणून वेगळं काही सांगितलं असं होत नाही.

पण शार्ङ्गदेवाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण गिटारवाल्यांनी त्याच्याकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. १३व्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, सिंघण राजाच्या, आश्रयाला राहून त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आणि त्यात गमकांचे १५ प्रकार सांगितले. त्यांतले काही त्याने नुसत्या वेगावरून वेगळे केले आहेत, आणि वेग मोजायला द्रुत आणि लघू ही काळाची मापं घेतली आहेत. द्रुताच्या चौथ्या हिश्शाच्या वेगाने जो हलतो तो तिरिप, आणि तो लहानशा डमरूच्या नादासारखा सुंदर, असंही तो सांगतो. तिसऱ्या हिश्शाचा तो स्फुरित, अर्ध्याचा कंपित, पुऱ्या द्रुताचा लीन, लघूच्या वेगाचा आंदोलित आणि त्याहून खूप संथ तो प्लावित. द्रुत म्हणजे लघूचा अर्धा. तेव्हा हिशेब केला तर तिरिप आंदोलिताच्या आठपट वेगवान निघतो. हालचाल एकच, पण वेग बदलला की ऐकणाऱ्याला ती वेगळीच वस्तू वाटते आणि म्हणून तिला वेगळं नाव. पेडलवरचं रेट नावाचं, वेग ठरवणारं बटण फिरवताना नेमकं हेच घडतं. ही नावं स्वराच्या कंपाची आहेत, ती उचलून ट्रेमोलोला लावू नयेत. नाव ठेवण्याची रीत मात्र घेण्यासारखी आहे. ‘ट्रेमोलो जलद आहे, मध्यम आहे, संथ आहे’ असं लिहिण्यापेक्षा वेगागणिक वेगळं क्रियापद वापरावं. आणि क्रियापदांच्या बाबतीत मराठी किती श्रीमंत आहे! संथ असेल तर आवाज झुलतो, हेलकावे खातो. जलद आणि बारीक असेल तर थरथरतो. त्याहून जलद झाला की फडफडतो.

वेगाइतकाच महत्त्वाचा असतो झोक्याचा आकार, आणि तो ठरतो पेडलच्या किंवा अँप्लिफायरच्या आत काय चाललं आहे त्यावरून. इथे मला एका शब्दाने फार आनंद दिला. १९४० च्या दशकात अमेरिकेत डीआर्मंडचं ट्रेमोलो यंत्र आलं, या जातीच्या सुट्या यंत्रांतलं अगदी सुरुवातीचं. त्यात एका छोट्या डबीत वीजवाहक द्रव असे आणि मोटर ती डबी हलवत राही. द्रव आतल्या टोकाला लागला की गिटारचा थोडा सिग्नल जमिनीकडे, म्हणजे अर्थिंगकडे, वळे आणि आवाज लहान होई, द्रव मागे गेला की पुन्हा मोठा. गिटारवादक बो डिडली यांच्या १९५५ सालच्या शिकागोतल्या ध्वनिमुद्रणांतली ती ओळखीची गिटार याच यंत्रातून गेलेली आहे. त्या आवाजाचं वर्णन इंग्रजीत ‘पाणीदार’ अशा अर्थाने करतात. मराठीत ‘पाणीदार’ म्हणजे तेजस्वी, डोळे पाणीदार, घोडा पाणीदार, तेव्हा तो इथे चालणार नाही. पण कळशी घेऊन चालताना आतलं पाणी जे करतं त्याला आपण हिंदकळणं म्हणतो. डीआर्मंडचा आवाज हिंदकळतो. ही उपमासुद्धा नाही, यंत्राच्या आत जे घडतं आणि कानाला जे ऐकू येतं त्या दोन्हींचं हे एकच नाव आहे.

फेंडरच्याच प्रिन्स्टन रिव्हर्बसारख्या छोट्या अँप्लिफायरमध्ये वेगळीच रीत असते. तिथे शेवटच्या व्हॉल्व्हचं बायस, म्हणजे त्यांना पुरवलेला विजेचा स्थिर दाब, वरखाली केला जातो, म्हणजे अँप्लिफायरची ताकदच कमी-जास्त होत राहते. चढाव-उतार गोल, कुठेही टोक नाही. या आवाजाला माझ्या मते ‘धपापतो’ हा शब्द बसतो. धावून आलेल्या माणसाचा ऊर धपापतो तसा. इंग्रजी परीक्षणांत इथे ‘थ्रॉब’ असतं आणि मराठी करताना पुष्कळ जण ‘ठणका’ लिहितात. ठणकते ती जखम, ठणकतो तो दात. गिटारला ठणका लावून तिला दुखणाईत करू नये.

ट्विन आणि डीलक्स रिव्हर्बमध्ये, तसंच व्हूडू लॅब ट्रेमोलोसारख्या पेडलांमध्ये, एक दिवा आणि उजेडाने रोध बदलणारा घटक शेजारी शेजारी बसवलेले असतात. दिवा लुकलुकतो आणि त्याबरोबर आवाज बदलतो. हा घटक उजेड पडताच लगेच जागा होतो, पण अंधार झाल्यावर सावरायला जरा वेळ घेतो. त्यामुळे झोक्याच्या दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत. फेंडरच्या त्या मांडणीत उजेड पडला की आवाज कमी होतो, म्हणून तो झपकन ओसरतो आणि सावकाश भरून येतो. ओसरणं आणि भरून येणं ही जोडी इथे चढण्या-उतरण्यापेक्षा कितीतरी नेमकी आहे, कारण दोन्ही क्रियापदं प्रमाणाची आहेत, उंचीची नाहीत. पूर ओसरतो, आभाळ भरून येतं.

बॉस टीआर-२ या पेडलवर वेव्ह नावाचं बटण आहे. एका टोकाला ते झोका त्रिकोणी ठेवतं, दुसऱ्या टोकाला चौकोनी करतं. चौकोनी म्हणजे आवाज आहे, नाही, आहे, नाही, मधली पायरीच नाही. नाशिककरांच्या ‘तुकड्यातुकड्यांचं’मध्ये त्यांना हेच म्हणायचं असावं, आणि भावना बरोबर आहे. फक्त त्यासाठी ‘उघडझाप’ हा तयार शब्द आहे. डोळ्यांची उघडझाप, दिव्यांची उघडझाप. किंवा साधं ‘तुटक’ म्हणा. उंबरठ्यावर बसून टेबलफॅनसमोर लांब ‘आ’ म्हटलेला ज्याला आठवतो त्याला तुटक आवाज वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

राहिला तिसरा गुण. १९६० च्या सुमाराला फेंडरच्या तपकिरी रंगाच्या काही अँप्लिफायरमध्ये गिटारचा आवाज खर्जाकडचा आणि टिपेकडचा असा दोन भागांत वाटून, एक मोठा होताना दुसरा लहान होईल अशी योजना होती. एकूण आवाज फारसा कमी-जास्त होत नाही, स्वरही जागचा हलत नाही, बदलतो तो रंग : आता घुमणारा, आता टोकदार. त्यांनी त्यालाही व्हायब्राटोच म्हटलं, आजचे वादक हार्मोनिक ट्रेमोलो म्हणतात. परीक्षेच्या भाषेत झुलते ती जाती. मी लिहीन, आवाज कूस पालटत राहतो.

मग ट्रेमोलोला मराठी नाम हवंच का? ‘नादकंप’ करता येईल, पण वर पाहिलं त्याप्रमाणे कंप कशाचा हा प्रश्न त्यातही तसाच उरतो. ‘आयामकंप’ (आयाम म्हणजे कंपनाचा विस्तार) अचूक आहे, पण कोणाच्या तोंडी बसणार नाही. शिवाय ट्रेमोलो आपल्याकडे गिटारबरोबर आलेला परका पाहुणाही नाही. कित्येक पेट्यांवर ट्रेमोलोचा स्टॉप असतो. तो ओढला की हवेच्या वाटेवरची एक छोटी झडप फडफडू लागते आणि सूर थरथरतो. पेटीवाले त्याला ट्रेमोलोच म्हणत आले आहेत. म्हणून नाम आहे ते ठेवावं आणि मराठीची ताकद क्रियापदांत लावावी.

तुमची वाक्यं मी अशी लिहीन : ‘पहिल्या पेडलचा ट्रेमोलो मऊ आहे, आवाज धपापल्यासारखा लहान-मोठा होतो. दुसऱ्याचा तुटक आहे, सरळ उघडझाप. आणि दोन्ही पेडलं लावली की एकूण आवाज जरा दबतो.’ हे शेवटचं तुम्ही बरोबर टिपलं आहे. ट्रेमोलो मूळ आवाजातून मधूनमधून काढून घेतो, भर घालत नाही, म्हणून सरासरीने तो कमी ऐकू येतो, आणि ते भरून काढायला काही पेडलांवर आवाज वाढवायचं वेगळं बटण ठेवलेलं असतं. ‘दबतो’ लिहा. ‘बसतो’ लिहू नका, आवाज बसतो तो घशाचा.

लिंग पुल्लिंगी : रेडिओ, फोटो, पियानो यांच्या पंगतीतला तो ट्रेमोलो. अनेकवचनातही तसाच, दोन ट्रेमोलो. पेडल मात्र सायकलच्या पेडलसारखं नपुंसकलिंगी, ते पेडल, ती पेडलं.