'वहिनी, सोडा, मी काढून देतो गाडी'

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका मैत्रिणीचं चार पानी पत्र आलंय. प्रश्न चार आहेत, पण मी पहिल्यातच अडकले आहे. बाकीचे तीन शेवटी उरकून घेईन, रागावू नका.

त्या लिहितात: "ताई, मी एकेचाळीस वर्षांची. गेल्या वर्षी इथे मोटारसायकलचं पूर्ण लायसन्स काढलं आणि रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० घेतली. दिवाळीच्या कार्यक्रमाला नटूनथटून, मोजड्या घालून, गाडीवरून हॉलवर गेले. निघताना फाटकाशी डावीकडे वळत होते, एक मूल आडवं आलं, ब्रेक दाबला आणि गाडी आडवी. वेग काहीच नव्हता. मुलाला काही झालं नाही. पाच जण धावत आले, 'वहिनी, सोडा, तुम्हाला नाही जमायचं.' त्यानंतर दोनदा गेले, तर मी हेल्मेट घालायच्या आत कुणीतरी हँडल धरून उभं. माझी उंची पाच फूट एक इंच. सगळे म्हणतात, गाडी तुला जड होते. शोरूमवाला म्हणतो, चाळीस मिलिमीटर खाली करून देतो. सध्या गाडी झाकून ठेवली आहे."

आधी ते कव्हर काढा. एवढं सीबीटी (म्हणजे सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण), मग थिअरी, मग मॉड्यूल एक आणि दोन, म्हणजे गाडी चालवण्याच्या दोन परीक्षा. पन्नास किलोमीटरच्या वेगात आपत्कालीन ब्रेक लावून दाखवलात, मागून दुसऱ्या गाडीवर येणाऱ्या परीक्षकासमोर चाळीसेक मिनिटांची रस्त्यावरची परीक्षा दिलीत. आणि पाच भावजी 'नाही जमायचं' म्हणाले म्हणून ताडपत्री? तुमचं चुकलं ते आधी बोलू, त्यांचं चुकलं ते नंतर.

माझं एक म्हणणं आहे आणि मी ते सोडणार नाही. बायकांच्या गाडी चालवण्यावर लोकांची तोंडं उघडतात ती हमरस्त्यावर नाही, पार्किंगमध्ये. सत्तर मैलांच्या वेगाने एम-फोरवरून तुम्ही जाता तेव्हा हेल्मेटच्या आत कोण आहे हे कुणाला कळतही नाही. कळतं ते गाडी ढकलताना, वळवताना, स्टँडवरून काढताना. म्हणजे शून्य ते दहा किलोमीटरच्या वेगात. तेवढा वेग तुमच्या हातात आला की निम्मी तोंडं आपोआप मिटतात. आमच्या आत्याने सत्तरच्या दशकात पुण्यात लुना घेतली, तेव्हाही वाड्याच्या बोळात सगळे बघत ते ती स्टँडवर कशी चढवते तेच.

आता तुमची गाडी का पडली ते तुमच्याच वाक्यात आहे: "डावीकडे वळत होते… ब्रेक दाबला." हँडल वळलेलं, वेग चालण्याचा आणि पुढचा ब्रेक झटकन. पुढचं चाक जागच्या जागी थांबतं, मागचं वजन पुढे येतं, आणि हँडल ज्या बाजूला वळलंय त्या बाजूला गाडी लोळते. उंचीचा संबंध नाही, ताकदीचा नाही, बाईपणाचा तर नाहीच. सहा फुटी माणसाचीही अशीच पडते. एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) इथे मदतीला येत नाही, कारण चाक घसरलेलं नसतं, तोल गेलेला असतो. आपली सायकलवर आणि स्कूटीवर घडलेली सवय म्हणजे बोटं कायम ब्रेकच्या लीव्हरवर. हॉलच्या आवारात उजव्या हाताची चारही बोटं ग्रिपवर ठेवा. थांबायचं ते क्लच दाबून, उजव्या पायाने मागचा ब्रेक लावून. पुढचा वापरायचाच झाला तर आधी हँडल सरळ, मग ब्रेक.

दुसरं, ते वजन. गाडी १९५ किलोची आहे, पण उभी असताना ते वजन जमीन उचलते, तुम्ही नाही. ढोबळ हिशेब करा. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आणि तुमचे हात एक मीटरवर धरले, तर गाडी पाच अंश कलल्यावर हातावर येतात साडेआठ किलो. इंडियन स्टोअरमधून आपण दहा किलोचं बासमतीचं पोतं आणतो, त्याहून कमी. तीच वीस अंश कलली की तेहतीस किलो होतात, म्हणजे तीन पोत्यांहून जास्त. म्हणून दंड कमवण्यापेक्षा गाडी पाच अंशांच्या आत ठेवायला शिका. आणि वीस अंशांच्या पुढे गेलेली गाडी सावरायला जाऊ नका. सोडून द्या, पाय बाजूला घ्या. लीव्हर बदलून मिळतो, गुडघा मिळत नाही. (आमच्या घरी एकांनी सावरली होती. ते आजही जिना चढताना कठड्याला धरतात.)

गाडी हलवताना डाव्या बाजूला उभं राहा, ती किंचित तुमच्याकडे कललेली, टाकी कमरेला टेकलेली. दोन्ही हात हँडलवर, आणि इथे मात्र उजवी दोन बोटं पुढच्या ब्रेकवर. हात ताणून लांबून ढकललं की ती पलीकडे पडते, आणि पलीकडे पडणाऱ्या गाडीला धरायला काहीच नसतं. मागे घेताना सपाट जमीन असेल तर बसून, पायांनी. उतारावर मागे न्यायची असेल तर इंजिन बंद, पहिला गिअर, आणि क्लच थोडा सोडत-दाबत. क्लच सोडला की मागचं चाक अडतं, म्हणजे तो तुमचा हातब्रेक झाला. पण खरी युक्ती लावतानाच करायची असते. चढावर नेहमी नाक वर करून लावा. भिंतीकडे उतार असलेल्या जागेत नाक खुपसून लावलीत तर निघताना १९५ किलो चढावर मागे ओढावे लागतील, आणि मग वहिनींना भावजी लागतातच. साइड स्टँडवर लावताना नेहमी पहिल्या गिअरमध्ये. मंदिरामागच्या गवतावर लावत असाल तर स्टँडखाली ठेवायला प्लॅस्टिकची चकती खिशात ठेवा.

सरावाला एखाद्या ओळखीच्या कंपनीचं रविवारचं रिकामं पार्किंग परवानगी काढून मिळवा. इथल्या गाडीच्या खणाची रुंदी साधारण २.४ मीटर, म्हणजे तीन खणांत जवळजवळ सव्वासात मीटर होतात. तेवढ्यात पूर्ण यू-टर्न यायला हवा. पहिला गिअर, अॅक्सिलरेटर थोडासा आणि एकसारखा, क्लच जिथे पकडू लागतो तिथेच, मागच्या ब्रेकवर पाय हलका. तिन्ही एकदम. गाडी कलेल त्याच्या उलट बाजूला अंग ठेवा आणि मान वळवून जिथे जायचंय तिथे बघा. जमिनीकडे बघाल तर जमिनीवर जाल. तुमची गाडी खालच्या आरपीएमला चांगली ओढते, हा सराव तिच्यावर सोपा जातो. वीस मिनिटं डावीकडे, वीस मिनिटं उजवीकडे, आठवड्यातून एकदा. उजवीकडचा यू-टर्न बहुतेकांना अवघड जातो, कारण उजव्या पायाला ब्रेक सोडून जमीन शोधावीशी वाटते. शोधू नका. दीड-दोन महिन्यांत फरक दिसेल. नाही दिसला तर शिकवलेल्या शाळेतच फक्त संथ नियंत्रणाचा एक तास विकत घ्या. त्यात कमीपणा नाही.

पडलेली गाडी एकटीने उचलणंही शिका, पण पहिल्यांदा जुन्या गादीवर आडवी करून, शेजारी कुणी उभं असताना. आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), मग चावी बंद, पेट्रोल गळतंय का बघा. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडा, म्हणजे पलीकडे जाऊन पुन्हा पडणार नाही. डाव्या अंगावर असेल तर स्टँड खाली दबलेला असतो, म्हणून शेवटचा टप्पा हळू. गिअरमध्ये असू द्या. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, पाठ गाडीकडे करा, बूड सीटच्या कडेला टेकवा, एका हाताने खालची ग्रिप, दुसऱ्याने मागचा ग्रॅबरेल (सीटमागची धरायची दांडी). पाठ ताठ, आणि छोटी-छोटी पावलं मागे टाकत जा. उचलायचं मांड्यांनी, कंबरेने नाही. रस्ता ओला असेल, चढ असेल, तर हट्ट नको, हाक मारा.

आता भावजींकडे येऊ. ते वाईट नाहीत, पण हँडल धरणारा माणूस खरोखर गाडी पाडतो. तो लीव्हर दाबतो, किंवा मागून ग्रॅबरेल ओढतो आणि तुमचा तोल बिघडतो. म्हणून 'राहू द्या हो, जमतंय मला' असं हसून म्हणू नका, ते आपल्याकडे आग्रहाचं आमंत्रण समजतात. असं सांगा: "भावजी, हात काढा, गाडी गिअरमध्ये आहे." कारण यंत्राचं सांगितलं की पुरुष लगेच मागे सरकतात. आणि काम द्या: "फाटकाशी उभे राहून मुलं थांबवाल का?" तुमच्या बाबतीत तीच मदत हवी होती.

भर गर्दीत गाडी सुरूच झाली नाही तर क्रम ठरलेला ठेवा: किल स्विच, साइड स्टँड, गिअर. स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होतं, आणि दहातल्या नऊ वेळा तेच झालेलं असतं. डिस्क लॉक (चाकाच्या ब्रेकच्या चकतीला लावायचं कुलूप) वापरत असाल तर रंगीत दोरीचं एक टोक त्याला आणि दुसरं हँडलला बांधा. कुलूप लावलेल्या चाकासकट निघणं हे पडण्याचं दुसरं आवडतं कारण.

शोरूमवाल्याचे चाळीस मिलिमीटर मात्र नकोत. तुमच्या सीटची उंची ८०५ मिलिमीटर आहे. मागचे शॉक तेवढे आखूड केले की हँडल सुस्त होतं, हेडलाइट आकाशाकडे बघतो, वळणावर फूटपेग (पाय ठेवायची दांडी) लवकर घासतो. आणि साइड स्टँड तोच राहिला तर तो आता लांब पडतो, गाडी जवळजवळ उभी राहते आणि वाऱ्याने उलटते. म्हणजे आणखी एक पाडापाडी. आधी सीटचा फोम पुढच्या बाजूला वीसेक मिलिमीटर काढून कडा अरुंद करून घ्या. पाय सरळ खाली जातो, गाडीची भूमिती तशीच राहते. मग जाड तळव्याचे बूट. मोजड्या? चामड्याचा गुळगुळीत तळवा, ओल्या नोव्हेंबरात? त्या पिशवीत ठेवा, हॉलवर गेल्यावर घाला. आणि दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात हा हट्ट सोडा. डावा पाय जमिनीवर, उजवा मागच्या ब्रेकवर, एवढं पुरतं. इथले रस्ते डाव्या कडेला उतरते असतात, म्हणून अगदी कडेला थांबलात तर डाव्या पायाला जमीन आणखी लांब. थोडं आत थांबा.

उरलेले तीन प्रश्न.

शोरूमवाला तुमच्या प्रश्नाचं उत्तर नवऱ्याकडे बघून देतो. पुढच्या वेळी नवऱ्याला घरी ठेवा. नाहीतर त्यांनी एकच वाक्य पाठ करावं: "मला विचारू नका, माझ्याकडे लायसन्स नाही." मंडळातले विनोदवीर 'बाई आणि बाइक' सुरू करतील तेव्हा त्यांना सांगा की तुमच्या घरापासून तासाभरावर, ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर, १९३४ साली बिअॅट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईने नॉर्टनवर ताशी १०६ मैलांची फेरी मारून सुवर्णतारा मिळवला होता. पुढे युद्धात विमानांच्या मर्लिन इंजिनाचा पेट्रोलचा दोष दूर करणारी चकतीही तिचीच.

"सासूबाई मे महिन्यात सांगलीहून येत आहेत, त्यांना अजून सांगितलं नाही," असं लिहिता. हे मला आवडलं नाही. हीथ्रोहून आल्यावर गॅरेजमध्ये दिसण्यापेक्षा आत्ता फोनवर सांगा. पाडव्याला गिरगावच्या, डोंबिवलीच्या शोभायात्रेतले नऊवारी आणि फेटेवाल्या बायकांचे बुलेटवरचे फोटो त्याच पाठवतात ना तुम्हाला? तिथून विषय काढा. फक्त म्हणा की इथे हेल्मेटशिवाय चालत नाही. त्यांची धास्ती अपघाताची आहे, तेव्हा जॅकेट हातात द्या, खांद्याचं, कोपराचं, पाठीचं पॅडिंग दाबून बघू द्या. एक वाद नक्की होईल, मंगळसूत्राचा. लांब मंगळसूत्र, अंगठ्या आणि जोडवी गाडीवर नकोत. पडल्यावर बोट सुजतं आणि अंगठी कापावी लागते, बुटात जोडवं रुततं, मण्यांवर छाती आपटते. आतल्या चेनच्या खिशात मंगळसूत्र ठेवायचं आणि उतरल्यावर घालायचं, हे माझ्या सासूबाईंनी तीन आठवड्यांत मान्य केलं. केस मानेपाशी सैल वेणीत. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, वर तरंगतं.

आणि अकरा वर्षांची लेक. मागे बसायला इथे किमान वयाची अट नाही, पण पाय फूटरेस्टवर नीट पोचले पाहिजेत, हेल्मेट तिच्या मापाचं हवं, आणि विम्यात मागच्या सवारीची नोंद हवी. ते बघून घ्या. पण वर सांगितलेला यू-टर्न आधी एकटीने जमू द्या.

सासूबाईंनाच मागे बसावंसं वाटलं (हसू नका, वाटतं) तर साडी नाही, सलवार किंवा पँट. एका बाजूला पाय सोडून बसणं इथल्या कायद्यात बसत नाही, दोन्हीकडे पाय टाकूनच. मागच्या दोन्ही शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) सारखाच वाढवा, सहा खाचा आहेत, आणि टायरमधली हवा मॅन्युअलमध्ये दोघांसाठी दिली आहे तेवढी भरा. चढताना 'हं, बसा' म्हणेपर्यंत त्यांनी पाय उचलायचा नाही, हे दोनदा बजावा.