नातीकडून आजीला पहिली भेट: सोन्याचं लॉकेट हप्त्यावर घ्यावं का?

प्रश्न: माझ्या सासूबाई पुढच्या महिन्यात 65 वर्षांच्या होतील. आमची मुलगी पाच महिन्यांची आहे, त्यांची पहिलीच नात. नातीकडून आजीला भेट म्हणून मिस्टरांच्या मनात सोन्याचं लॉकेट आहे. आत बाळाचा फोटो, मागे पावलाचा ठसा कोरलेला, कडेने बारीक खडे. किंमत आमच्या दीड महिन्याच्या घरखर्चाएवढी. दुकानदार 12 बिनव्याजी हप्ते द्यायला तयार आहे. रोखीने घेतलं तर 10 टक्के सूट. मी बिनपगारी रजेवर आहे, अजून चार महिने असेन. अडीअडचणीसाठी ठेवलेले पैसे पाच महिन्यांच्या खर्चाएवढे होते, ते दोनवर आलेत. दुसरे पर्याय म्हणजे सासूबाईंच्या नावाने ठेव करून नातीचं नाव वारस म्हणून लावणं, किंवा डिजिटल फोटो फ्रेम. दिरांनी गेल्या वर्षी त्यांना महागडा फोन दिला, म्हणून मिस्टरांना हात आखडता घ्यायचा नाही. सासूबाई बाळंतपणात अडीच महिने आमच्याकडे होत्या. येण्याजाण्याचा खर्च त्यांनी स्वतः केला, बाबागाडी त्यांनीच घेतली आणि आमच्यासाठी मोतीबिंदूचं ऑपरेशनही पुढे ढकललं. त्या स्वतःहून काही मागणार नाहीत. काय करावं?

उत्तर:

लॉकेट आत्ता नको. कधीच नको असं म्हणत नाही, पण पुढच्या महिन्यात आणि हप्त्यावर तर नाहीच. मिस्टरांची हौस मला समजते. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं, पण हप्त्याला असतं.

आधी ‘बिनव्याजी’ या शब्दाचा हिशोब करू. लॉकेटची किंमत 100 धरा. रोखीने ते तुम्हाला 90 ला मिळतंय, म्हणजे त्याची खरी किंमत 90 आहे. हप्ते घेतलेत तर आज 90 ची वस्तू घरी येते आणि पुढच्या महिन्यापासून 12 महिन्यांत तुम्ही 100 फेडता. वरचे 10 हे व्याजच आहे. आणि ते 90 वर वर्षभराचे 10 असंही नाही, कारण मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते. नीट मांडलं तर व्याजाचा दर वर्षाला 20 टक्क्यांच्या आसपास जातो. प्रोसेसिंग फी असेल तर त्याहून वर. एखादा हप्ता चुकून कार्डावर थकला तर गोष्ट आणखी बिघडते: महिना 3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण चक्रवाढीने ते वर्षाला साडेबेचाळीसच्या वर जातात.

मग रोखीनेच घेऊ, सूटही मिळेल, असं मिस्टर म्हणतील. पण ती रोकड येणार कुठून? त्या दोन महिन्यांच्या पैशांतूनच. सूट धरूनही लॉकेट साधारण 1.35 महिन्यांचा खर्च खाईल. हातात उरतील जेमतेम वीस दिवस. घरात पाच महिन्यांचं बाळ आणि एकच पगार असताना वीस दिवसांची गंगाजळी मला झोपू देणार नाही, तुम्हालाही देऊ नये.

इथे मला लॉकेटपेक्षा मोठा प्रश्न दिसतो. पाचाचे दोन झाले, ते तीन महिन्यांचे पैसे गेले कुठे? दवाखाना, पाळणा, बाळाचं सामान असा एकदाच होणारा खर्च असेल तर काळजी थोडी कमी. पण एका पगारात महिना भागत नाही म्हणून दरमहा थोडं थोडं काढावं लागत असेल, तर ती गळती चालूच आहे. महिन्याला अर्ध्या महिन्याच्या खर्चाएवढी तूट असली तरी चार महिन्यांत दोन महिन्यांचे पैसे संपतात. म्हणजे तुम्ही कामावर परतता त्याच दिवशी शिल्लक शून्य. लॉकेटचा हप्ता महिन्याच्या घरखर्चाच्या आठव्या हिश्शाएवढा पडेल, तो त्यावर आणखी. आज संध्याकाळी दोघांनी बसून मागच्या तीन महिन्यांचं खातं उघडा आणि ही तूट आहे का, किती आहे, ते काढा. भेटीचं बजेट त्याशिवाय ठरत नाही.

‘पण सोनं ही गुंतवणूक आहे,’ हे वाक्य मी अशा प्रत्येक पत्रात वाचतो. लॉकेट आवडतं म्हणून जरूर घ्यावं, गुंतवणूक म्हणून घेऊ नये. 22 कॅरेटमध्ये 91.6 टक्के सोनं असतं, 18 कॅरेटमध्ये 75. खडे बसवायला कठीण धातू लागतो, म्हणून अशी लॉकेटं बऱ्याचदा 18 किंवा 14 कॅरेटची असतात. मोडायला गेलात तर घडणावळ परत मिळत नाही, बारीक खड्यांना कुणी विचारत नाही, आणि बाळाचा ठसा कोरलेला दागिना दुसरा कोण घालणार? तो वितळणारच. पुढे कधी घेतलंत तर बिलावर खडे वगळून सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून मागा. सोन्याच्या दराने खड्यांचे पैसे भरणारी माणसं मी पाहिली आहेत.

वर्षभरात सोनं महागलं तर? महागेल किंवा उतरेल. 1980 च्या जानेवारीत जागतिक बाजारात सोनं औंसाला 850 डॉलरपर्यंत गेलं होतं. तो आकडा पुन्हा दिसायला 2008 उजाडलं. भाव वाढेल ही शक्यता आहे, हप्त्याचे 20 टक्के ही खात्री आहे.

दागिन्याचं एक व्यवहारी अंगही बघा. पाच महिन्यांचं मूल हाताला लागेल ते मुठीत धरून ओढतं आणि थेट तोंडात घालतं. बारीक खड्यांचं लॉकेट घालून आजी तिला मांडीवर घेऊ शकणार नाही. नात आली की काढून कपाटात ठेवावं लागेल. पाऊलही दीड सेंटिमीटरवर आणलं की ठसा उरत नाही, पाच ठिपके आणि एक डाग उरतो. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना तर तेवढंही दिसायचं नाही.

ठेवीचा पर्याय मी फार रेंगाळत ठेवणार नाही. आजीच्या नावाने ठेवायचं, तिने हात लावायचा नाही आणि शेवटी मिळायचं नातीला! ही मुलीसाठीची बचत झाली. जरूर करा, पण स्वतःच्या नावाने आणि गंगाजळी भरल्यावर. वाढदिवसाच्या दिवशी वारसाची चर्चा तर अगदीच नको.

डिजिटल फ्रेमला माझा विरोध नाही. फक्त घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: त्यांच्या घरी वायफाय आहे का, काही सुविधांसाठी दर वर्षी वर्गणी भरावी लागते का, आणि फ्रेम अडकली की ती सुरू करून द्यायला तिथे कोण आहे. तिन्हींची उत्तरं मनासारखी नसतील तर दोन महिन्यांत ती काळी पाटी होऊन बसेल.

आता ज्या वाक्यापाशी मी थांबलो, त्याकडे येतो. ऑपरेशन पुढे ढकललं, हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय. माझ्या मते सगळ्या पत्रात पैशाच्या दृष्टीने हेच सर्वांत महत्त्वाचं आहे. तुमच्या मनात तीन वेगवेगळी खाती एकत्र झाली आहेत: त्यांचं तुमच्याकडे निघणारं देणं, त्यांची गरज आणि नातीकडून भेट. तिन्हींचं ओझं एकट्या लॉकेटवर पडलं, म्हणून ते इतकं महाग झालं.

देणं म्हणजे प्रवासाचा खर्च. तुमच्या कामासाठी त्या आल्या, तिकिटं तुम्ही काढायला हवी होती. तेवढे पैसे मिस्टरांनी या महिन्यातच आईच्या खात्यात टाकावेत, त्यासाठी वाढदिवसाची वाट बघू नये. बाबागाडीचे पैसे मात्र परत करू नका. ती त्यांनी नातीला दिली आहे. पैसे पुढे केलेत तर त्यांना वाईट वाटेल.

गरज म्हणजे ऑपरेशन. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ झालेलं असतं, ते काढून कृत्रिम भिंग बसवतात. बहुतेक वेळा पेशंट त्याच दिवशी घरी जातो. खर्चात मोठा फरक पडतो तो भिंगाच्या निवडीने. एकाच अंतरावर स्पष्ट दिसणारं साधं भिंग स्वस्त, जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारं बहुकेंद्री भिंग बरंच महाग, आणि विमा अनेकदा साध्या भिंगापुरतेच पैसे देतो. म्हणून विमा आहे का, किती देतो, वरचे किती भरावे लागतील, हे आधी लेखी घ्या. वरची रक्कम दोन्ही भावांनी वाटून घ्यावी. दिरांचा फोन विरुद्ध आपलं लॉकेट या शर्यतीतून सुटण्याचा हा सर्वांत सभ्य रस्ता आहे. मिस्टरांनी स्वतः फोन करून हे सुचवावं.

पैशाइतकाच वेळेचाही प्रश्न आहे. ऑपरेशननंतर काही आठवडे डोळ्यांत थेंब घालावे लागतात आणि डॉक्टर सांगतील तोवर जड उचलायचं नसतं. पाच महिन्यांचं बाळ सहा-सात किलोचं असतं, आणि ते जडच. चार महिन्यांनी तुम्ही कामावर जाल तेव्हा बाळाला पुन्हा आजीच सांभाळणार असं मनात धरलं असेल, तर ऑपरेशन त्याआधी व्हायला हवं. नाहीतर दुसऱ्यांदा पुढे ढकललं जाईल, आणि त्या तक्रारही करणार नाहीत. त्या येणारच असं गृहीत धरू नका, स्पष्ट विचारा. नाही म्हणाल्या तर पाळणाघराचा खर्च आत्तापासून हिशोबात धरावा लागेल.

हे ऑपरेशन ‘वाढदिवसाची भेट’ म्हणून मात्र देऊ नका. डोळ्यांचा इलाज हा त्यांचा हक्क आहे, त्यावर रिबीन बांधायची नसते.

राहिली भेट. ती देणारी व्यक्ती पाच महिन्यांची आहे, तिचं उत्पन्न शून्य आहे. अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी 1993 मध्ये भेटींवर एक निबंध प्रसिद्ध केला. मिळालेल्या वस्तूंसाठी स्वतः किती पैसे मोजले असते, असं त्यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना विचारलं. उत्तरं वस्तूंच्या किमतीपेक्षा साधारण एक दशांश ते एक तृतीयांश कमी निघाली. पण त्यांनी ‘भावनिक मोल बाजूला ठेवून सांगा’ असं बजावलं होतं. तुमच्या बाबतीत बाजूला ठेवलेलं तेच तर सगळं आहे, आणि ते किमतीवर अवलंबून नाही. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांनी 2009 मध्ये दाखवलं की महाग भेट जास्त आवडेल असं देणाऱ्याला वाटतं. घेणाऱ्याच्या कौतुकाचा किमतीशी तसा संबंध आढळला नाही. हे मिस्टरांना वाचून दाखवा.

‘आईचा पासष्टावा पुन्हा येणार नाही’ असं ते म्हणत असतील. बरोबर आहे. मुलीचं पाच महिन्यांचं पाऊलही पुन्हा येणार नाही. आज घेतलं नाही तर कायमचं हुकेल ते जवळपास फुकट आहे, आणि जे महाग आहे ते दोन वर्षांनीही दुकानात मिळेल. म्हणून ठसा या आठवड्यात घ्या. हाताचा प्रयत्न करू नका. तळहाताला काही लागलं की या वयाची बाळं मूठ मिटतात. पाऊल सोपं जातं, तेही बाळ झोपेला आलेलं असताना. शाई बाळांसाठी सुरक्षित अशी लिहिलेलीच घ्या. पाच-सहा कागद वाया जातील, एक चांगला निघेल. तो 600 डीपीआयवर (म्हणजे इंचाला 600 ठिपके) स्कॅन करून दोन ठिकाणी जपून ठेवा. पुढे लॉकेट केलंत तर हाच ठसा वापरता येईल.

त्या ठशासोबत छापील फोटोंचा एक अल्बम द्या. मोजकेच पंधरा-वीस फोटो, पण मोठे, 8 बाय 10 इंचांचे, आणि मॅट कागदावर. चकचकीत कागदावरची चमक मोतीबिंदूत त्रास देते. मेसेजमधून फिरलेले फोटो छापायला देऊ नका, ते दाबले गेलेले असतात आणि मोठे केले की फुटतात. ज्या फोनवर काढले त्यातलीच मूळ फाइल घ्या. आजी आणि नात एकत्र असलेले फोटो जास्त ठेवा. अडीच महिन्यांत कॅमेरा सगळा वेळ बाळावर होता, आजीचा नुसता हातच आलाय, असं बहुतेक घरांत होतं. तुमच्याकडेही तसं असेल तर त्या हाताचाही एक फोटो अल्बमात घ्या. प्रत्येक फोटोखाली तारीख आणि एक ओळ, ठळक अक्षरात.

खर्चाची मर्यादा म्हणाल तर महिन्याच्या घरखर्चाचा विसावा हिस्सा, आणि तोही चालू महिन्याच्या पगारातून. हा काही कुठला नियम नाही, तुमची आजची स्थिती बघून मी ओढलेली रेघ आहे. अल्बम त्यात आरामात बसेल.

लॉकेटचा विषय तुम्ही कामावर परतल्यावर आणि गंगाजळी पुन्हा चार महिन्यांवर आल्यावर काढा. तेव्हा हप्त्याएवढीच रक्कम दरमहा बाजूला टाका. सूट धरून 11 महिन्यांत रोखीचे पैसे जमतील. आणि तेव्हा सासूबाईंना एकदा विचारा की दागिना हवाय का. आजपर्यंत तुमच्या घरात सगळ्यांनी ठरवलंय, त्यांना कुणी विचारलेलं दिसत नाही.

विम्याचं पत्र आणि भिंगांचं अंदाजपत्रक हातात आलं की, मागच्या तीन महिन्यांच्या खर्चासकट मला पाठवा. ऑपरेशनचा तुमचा वाटा गंगाजळीतून काढायचा की दोन-तीन महिन्यांत विभागायचा, ते आकडे बघून सांगेन.