अचानक बर्फ पडल्यामुळे घरात अडकून पडायची वेळ तुमच्यावर आली आहे का? कुटुंबाने ते दिवस कसे काढले?

आली आहे. त्यातला एक दिवस मजेचा होता, उरलेले पाण्याच्या बादल्या मोजण्यात गेले.

आम्ही टेक्ससमध्ये, ऑस्टिनच्या उत्तर भागात राहतो. गोष्ट फेब्रुवारी २०२१ ची. घरात पाच माणसं: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक, पाच वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. आई जानेवारी २०२० मध्ये वाईहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मग करोना आला, विमानं बंद झाली, व्हिसा वाढवून घ्यावा लागला आणि त्यांचा मुक्काम वर्षावर गेला.

इथे उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. थंडी म्हणजे एखादं स्वेटर. त्यामुळे हवामान खात्याने चार-पाच दिवस आधीपासून कानीकपाळी ओरडूनही आमची तयारी म्हणजे जादा ब्रेड आणि दूध, संपलं. रविवारी, १४ तारखेला, दुपारी आई म्हणाल्या, "अगं, बादल्या भरून ठेव. टबही भर." नवरा हसला. बर्फ पडणार आहे, दुष्काळ नाही, असं काहीतरी बोललाही. त्याचं हे वाक्य आमच्या घरात अजून अधूनमधून निघतं. टब मी भरला, तो मुख्यतः वाद नको म्हणून.

सोमवारी सकाळी मागचं अंगण ओळखू येईना. लेकीने कंपासमधली सहा इंची पट्टी बर्फात खुपसली, ती पूर्ण बुडाली. हातमोजे कुणाकडेच नव्हते. मग हातात लोकरी मोजे आणि त्यावर ब्रेडच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, मनगटाला रबरबँड. घसरगुंडीसाठी मुलांनी कणीक मळायची परात पळवली. "अरे, परातीला पाय लावू नका!" म्हणून आई दारातून ओरडत होत्या, पण स्वतः हसतही होत्या. वरचा स्वच्छ बर्फ वाटीत घेऊन त्यावर कोकम सरबत ओतलं आणि जत्रेतल्यासारखा गोळा केला. त्या दिवशी माघी गणेश जयंती होती. तिळाचे लाडू आदल्या दिवशीच वळून ठेवले होते.

वीज मात्र मध्यरात्रीनंतर, दोनच्या सुमाराला, गेलेलीच होती. बातम्यांत सांगत होते की आळीपाळीने थोडा थोडा वेळ वीज बंद राहील. आईंनी विचारलं, "मग वेळापत्रक कुठंय?" त्यांनी महाराष्ट्रातलं भारनियमन वर्षानुवर्षं काढलेलं. कधी जाणार, कधी येणार हे माहीत असायचं, त्यावर गिरणीतलं दळण आणि टाकी भरणं ठरायचं. इथे आळीपाळी झालीच नाही. ज्या लाइनवर हॉस्पिटल किंवा तसं काही होतं ती बंद करता येत नव्हती, आणि तुटवडा इतका होता की बाकीच्या लाइनी सरळ बंदच ठेवल्या. दोन गल्ल्या पलीकडे दिवे लखलखत होते. आमची वीज आली ती गुरुवारी दुपारी.

इथलं ग्रिड देशाच्या बाकी ग्रिडपासून जवळजवळ वेगळं आहे, त्यामुळे शेजारच्या राज्यांतून फारशी वीज घेता आली नाही. थंडीने वीजकेंद्रं बंद पडली, गॅसच्या विहिरी गोठल्या, आणि गॅस पुढे ढकलणाऱ्या काही यंत्रांचीच वीज कापली गेल्याने गॅस आणखी कमी झाला. ४५ लाख घरं अंधारात होती. सगळं ग्रिड कोसळायला साडेचार मिनिटांच्या आसपास वेळ उरला होता, हे आम्हाला नंतर कळलं. सरकारी आकड्यानुसार या वादळात २४६ माणसं गेली.

आमचा हीटर गॅसवर चालतो. पण गरम हवा घरभर ढकलणारा पंखा विजेवर, म्हणजे हीटर बंद. शेगडी मात्र काडी ओढून पेटत होती, आणि तिनेच आम्हाला तारलं. मंगळवारी बाहेर उणे तेरा-चौदा आणि स्वयंपाकघरात सहा. खोबरेल तेल दगड झालं होतं, तूप चमच्याने खरवडावं लागत होतं. गंमत म्हणजे फ्रिजमधलं दूध खराब होऊ नये म्हणून आम्ही ते बाहेर बर्फात पुरलं, तर ते गोठून बाटलीच फुगली. त्या दिवशी पंचांगात वसंत पंचमी होती.

झोपायला आम्ही पाचही जण कपड्यांच्या क्लोजेटमध्ये गेलो. खिडकी नाही, चारही बाजूंना कपडे लटकलेले, खाली आईंनी वाईहून आणलेली वाकळ. दार लावलं की पाच जणांच्या श्वासानेच जरा ऊब यायची. दिवसा स्वयंपाकघरात समई तेवायची, क्लोजेटमध्ये फक्त टॉर्च. फोन जपून वापरायचे म्हणून मुलं पहिल्यांदाच धड पत्ते शिकली. धाकटा बदाम सातमध्ये पत्ते दाबून ठेवायला शिकला, आणि ते त्याला आजीने शिकवलं, हे मी पाहिलंय.

पण आजीचंही सगळंच बरोबर नव्हतं. मंगळवारी रात्री त्या म्हणाल्या, "ती बार्बेक्यूची शेगडी आत घ्या, कोळसे पेटवा. आम्ही लहानपणी असंच करायचो." नवऱ्याने साफ नाही म्हटलं. त्या दुखावल्या, रात्रभर बोलल्या नाहीत. त्यांचं वाड्यातलं घर कौलांचं, फटींतून वारा खेळायचा. इथलं घर बंद डब्यासारखं. त्याच आठवड्यात ह्यूस्टनकडे घरात कोळसे पेटवून, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून लोक कार्बन मोनॉक्साइडने गेले. आम्ही फोन चार्ज करायला गाडी बाहेर रस्त्यावर काढायचो. त्यासाठी गॅरेजचं दार हाताने उघडावं लागतं, आणि वर लोंबणारी लाल दोरी त्यासाठीच असते, हे तेव्हा कळलं.

बुधवारी पाणी गेलं. नळ गोठू नयेत म्हणून आधी सगळ्यांनी ते ठिबकत ठेवले, जागोजागी पाइप फुटले, आणि शहराच्या टाक्या रिकाम्या झाल्या. येईल ते पाणी उकळूनच प्या, असा आदेश निघाला. इथल्या बऱ्याच घरांत पाइप ॲटिकमधून, म्हणजे छतावरच्या माळ्यातून जातात, कारण घरं उन्हाचा विचार करून बांधलेली. म्हणजे पाइप फुटला की छतच खाली.

तेव्हा बर्फ वितळवायचा उद्योग सुरू झाला. मोठं पातेलं काठोकाठ भरून शेगडीवर ठेवलं. दहा मिनिटांनी तळाशी दोन बोटं पाणी, त्यात छपरावरचे काळे कण आणि एक पान. पुन्हा भरलं, पुन्हा दोन बोटं. एका फ्लशला सहा लिटर लागतं, हिशोब तुम्हीच करा. प्यायला बादल्यांतलं, संडासाला टबातलं आणि बर्फाचं. नवरा मुकाट्याने मग्गा घेऊन टबापाशी जायचा.

एक गोष्ट मात्र सलते. समोरच्या म्हाताऱ्या जोडप्याचं सगळं घर विजेवर, चहासुद्धा करता येईना. करोना होता, आईंना लस मिळाली नव्हती, म्हणून आम्ही त्यांना घरात घेतलं नाही. दोन वेळा थर्मास भरून उंबऱ्यापाशी ठेवायचो, मुगाची खिचडी द्यायचो. तिसऱ्या दिवशी त्यांचा पाइप फुटला आणि मुलगा येऊन घेऊन गेला. घ्यायला हवं होतं का आत? आई म्हणतात हो. मला अजून ठरवता येत नाही.

शुक्रवारी ऊन पडलं. तेव्हा रथसप्तमी होती. आईंनी गोठलेलं ते दूध वितळवून उतू घातलं. माझा कढीपत्ता, आठ वर्षांचा, गॅरेजमध्ये आणूनही काळा पडला होता.

आई त्याच वर्षी परत गेल्या. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत ऑस्टिनला बर्फाचा लेप चढून झाडं मोडली, तारा तुटल्या, वीज पुन्हा गेली. धाकट्याने स्वतःहून उशी उचलून क्लोजेटमध्ये नेली. आईंचा वाईहून फोन आला, खुशाली विचारायच्या आधी म्हणाल्या, "टब भरलास का?"

नवऱ्याने भरला होता.