निवृत्तीनंतर थायलंडमध्ये राहायचं असेल तर कोणता व्हिसा घ्यावा?

वय ५० पूर्ण असेल तर नॉन-इमिग्रंट ओ व्हिसा घ्या आणि तिथेच दरवर्षी मुदतवाढ करून घ्या. त्यासाठी थाई बँकेत ८ लाख बाट हवेत, किंवा महिन्याला ६५,००० बाट उत्पन्न. लोक गोत्यात येतात ते शिलकीपायी. पैसे अर्जाआधी दोन महिने खात्यात असावे लागतात, मंजुरीनंतर तीन महिने हात लावायचा नाही आणि पुढेही शिल्लक ४ लाखांखाली जाऊ द्यायची नाही. म्हणजे निम्मी रक्कम कायमची अडकली असंच धरून चाला. दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो, ते किरकोळ काम. पण री-एंट्री परमिट न काढता देशाबाहेर गेलात की मुदतवाढ रद्द, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! आणि या व्हिसावर नोकरी चालत नाही.