बेळगावची आरटीसी (कर्नाटकातला सातबाऱ्यासारखा जमिनीचा उतारा) आणि महाराष्ट्रातल्या चंदगडचा सातबारा ऑन्टॉलॉजी (संकल्पना आणि त्यांच्या नात्यांचा संगणकाला कळणारा आराखडा) वापरून एकत्र शोधता येतील का?

येतात की, आणि त्यासाठी दोन्ही राज्यांचे डेटाबेस मोडायची गरज नाही, मध्ये ओडब्ल्यूएल या ऑन्टॉलॉजी लिहायच्या भाषेत एक सामाईक ऑन्टॉलॉजी ठेवायची, कर्नाटकच्या 'भूमी' आणि महाराष्ट्राच्या 'महाभूलेख' या जमीन नोंदींच्या प्रणालींमधले मालक, क्षेत्र, पीक हे कॉलम तिला मॅप करायचे, मग स्पार्कल या शोधभाषेतल्या एकाच क्वेरीत दोन्हीकडचं मिळतं. ओडब्ल्यूएल २००४ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड आहे. डोकेदुखी आहे ती एककांची: आरटीसीत एकर-गुंठे, सातबाऱ्यात हेक्टर-आर, गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर आणि आर १००, दोन्ही सारखेच धरले तर एकरामागं जवळजवळ ४७ चौरस मीटरचा घोळ, आणि हे गणित रीझनर (ऑन्टॉलॉजीवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) आपोआप करत नाही, मॅपिंगमध्येच घालायचं. फक्त नाव जुळलं म्हणून 'सेम-ॲज' (दोन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या असं सांगणारा दुवा) लावू नका, एकाच नावाचे पाटील गावोगाव आहेत.